खालाने न सांगितलेला अर्थ

प्रिय खाला,

तू गेल्याला काल चाळीस दिवस झाले, तुझा चाळिसावा झाला. जेवताना तुझी सून सांगत होती, अम्मीचा सगळा जन्म लोकांच्या चोळ्या शिवण्यात गेला, दुसरं काही केलंच नाही. तिला खरं ठाऊकच नाही. म्हणून आज लिहायला बसले. मराठीत लिहितेय, रागावू नकोस. उर्दू तू शिकवलीस, पण रडायला मला मराठीच लागते.

खरं सांगू? तुझा फार राग यायचा. चोळी शिवता शिवता तू मला तुझ्या पेटीतले कचेरीचे जुने उर्दू अर्ज वाचायला लावायचीस. शब्द अडला की मी अर्थ विचारायचे, आणि तुझी सुई थांबायचीही नाही. "मतलब काहून विचारून राहिली? पुढं वाच, बाजूचे शब्दच सांगतील." कधी सांगायचे, कधी नाही!

शेवटी हिंगोलीच्या शाळेत शिकणाऱ्या दादाकडून, माझ्या मामेभावाकडून, मी शब्दांची अर्थासकट यादी आणली आणि घोकली. तू एक अर्ज पुढे ठेवलास. यादीतले शब्द ओळखू आले, पण अर्ज कशाचा ते कळेना. तू हसलीस, म्हणून आठ दिवस तुझ्याकडे फिरकले नाही. केवढा तो माझा ताठा!

त्याच उन्हाळ्यात सामाईक आंब्यावरून तुझं जावेशी वाजलं. "या झाडापासून मी दस्तबरदार झाले," असं तू भर अंगणात म्हणालीस. पुढे तुझ्या दारात पडलेली कैरीसुद्धा तू उचलून तिच्या ओट्यावर ठेवायचीस. त्या शब्दाचा अर्थ मला कुणाला विचारावाच लागला नाही.

बाबा गेल्यावर काका आम्हा मायलेकींना कचेरीत घेऊन गेले. नुसता वारसाचा कागद आहे म्हणाले. तेव्हा कचेरीचं काम उर्दूतच चालायचं; कारकून भराभर वाचत होता आणि काका आईचा शाई लावलेला अंगठा धरून उभे होते. आईचं नाव आलं, विहीर आली, आणि मग तुझा तो शब्द आला, दस्तबरदार. चुकले असते तर? भर कचेरीत वडीलधाऱ्याला खोटं पाडलं असतं! तरी मी आईचं मनगट ओढलं.

"आई, अंगठा नको लावू. आपली विहीर सोडून राहिली तू."

कारकुनाने मान वर केली. पोरगी बराबर सांगते, म्हणाला. आईने अंगठा पदराला पुसला. विहीर राहिली.

संध्याकाळी काका दारात आले. "कोणी शिकवलं तुला?"

मी दादाचं नाव सांगितलं. तुझं सांगते तर ते तुझ्या दारी भांडायला आले असते, हे खरं. पण मला जास्त भीती स्वतःसाठीच वाटली, हेही खरं. गावाने दादाची पाठ थोपटली. तुझ्या कानावर आलंच असणार. मग बोलली का नाहीस गं? एकदा तरी माझा कान पिळायचास!

आता राज्य बदललंय. हिंदू-मुसलमान शेजारी एकमेकांकडे बघून दार लावून घेतात. दादा म्हणतो, या दिवसांत तुझं नाव घेऊ नको, त्यातून भलतंच काही व्हायचं. कालही त्याला न सांगताच तुझ्या घरी आले.

काका अजून आहेत, रोज सकाळी चावडीवर बसतात. उद्या मी तिथे जाणार आहे. चार माणसांदेखत सांगणार आहे की दादाने नाही, मला रशीदा खालाने शिकवलं. आवाज कापेल, पण नाव पुरं घेईन.

तुझी,
गिरजा
साखरा