बाई, तो बोंबलांचा वास नव्हता

बाई, आज सकाळी मुरब्याहून एक आई आपल्या मुलीला घेऊन आमच्या दवाखान्यात आली. बोईसरला दातांच्या डॉक्टर मॅडमच्या हाताखाली मी वीस वर्षं काम करते हे तुम्हाला ठाऊक आहे, कसं ठाऊक ते पुढे येईलच. मुलगी तेरा-चौदाची, ओठ घट्ट मिटलेले, मान खाली. आई म्हणाली, "मॅडम, पोरीच्या तोंडाला वास मारतय. सुका म्हावरा बंद करून सा म्हयने झाले, तरी जात नाय. शाळंतल्या बाईंनीच सांगला होता बंद करायला." माझ्या हातात उकळलेल्या हत्यारांचा ट्रे होता, तो मी आधी खाली ठेवला. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, पण तुमचं वाक्य काही मेलं नाही. वाळवलेल्या बोंबलासारखं टिकलंय. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असतो, म्हणून आज न जेवता हे लिहायला बसले आहे.

सातवीचा वर्ग. तुम्ही मराठी शिकवता. मी धडा वाचायला उभी राहते, तुम्ही खडूचे हात झटकत माझ्या बाकापाशी येता, दोन ओळी होतात न होतात तोच कमरेचा रुमाल काढून नाकाला लावता. "बस खाली. काय गं, सकाळी उठल्या उठल्या बोंबील खाता का तुम्ही लोक?" वर्ग हसतो. दुसऱ्या दिवसापासून माझी जागा शेवटच्या बाकावर, खिडकीशी. त्या खिडकीतून कारखान्यांचा वास यायचा, डोळ्यांतून पाणी काढणारा, कधी कुजक्या अंड्यांचा, कधी नुसताच झोंबणारा. त्याला तुम्ही कधी रुमाल लावला नाहीत. तुमचे मिस्टर तिथेच नोकरीला होते ना. आमच्या दांडी गावात बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले की त्या वासानं मात्र तुमचं डोकं उठायचं. आणि रविवारी? रविवारी माझी आई डोक्यावर पाटी घेऊन तुमच्या वाडीत यायची, मी तिच्या मागून. तुम्ही चिकूखाली पाटावर बसून एकेका माशाचे कल्ले उघडून बघायचात. पावसाळ्याची बेगमी म्हणून सुके बोंबील तर पोत्यानं घ्यायचात. माझ्या आईच्या हातचे बोंबील तुमच्या माळ्यावरच्या डब्यात, आणि वास तेवढा माझ्या तोंडाला. नाकानं कांदे सोलायचे ते आणखी कसे सोलायचे?

कवितेचं मी विसरलेले नाही. गॅदरिंगसाठी एक मुलगी हवी होती, पाठ म्हणायला. अख्खी कविता मला येत होती. आवाज तर असा होता की बाबांची होडी खाडीत शिरताना मी किनाऱ्यावरून हाक मारली की ते हात वर करायचे. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात मी एकटी म्हणत होते, आणि तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. शेवटच्या कडव्यापर्यंत उभ्या होतात, मी पाहिलं. संपल्यावर वळून गेलात. मला वाटलं, झालं, आता माझंच नाव येणार. दुसऱ्या दिवशी तुम्ही नाव घेतलंत दुसरीचं. मी बोट वर केलं तर सगळ्यांदेखत म्हणालात, "माइक सगळ्यांना वापरायचाय गं." मग पर्समधून कागदाची एक पुडी काढून माझ्या हातावर ठेवलीत. लवंगा. "रोज दोन चघळत जा. आणि उद्या आईला पाठव." ती पुडी घेऊन मी बाकावर परत कशी आले ते माझं मला माहीत. त्या दिवसापासून बोलताना माझा तळहात तोंडापुढे जायला लागला, तो आजही जातो.

आई आली. पाटी फाटकाबाहेर ठेवून, ओल्या लुगड्यानं, चपला काढून. तुम्ही खुर्चीवर, ती उभी. "मुलीला मासळी देऊ नका, निदान सुकी तरी. वर्गात बसवत नाही." आईनं काय म्हणावं? "तुमी सांगाल तसा करू, बाई." शिकलेल्या बाईचा शब्द म्हणजे तिला देवळातला कौल. तुम्ही सुकी म्हणालात, तिनं ओलीही बंद केली, एकदाचा सोक्षमोक्ष लागावा म्हणून. कोळ्याच्या घरात मला चौदा वर्षं मासा दिला नाही, बाई. सगळे कालवणात हात बुडवून जेवायचे आणि माझ्या ताटात डाळ. नारळी पुनवेलासुद्धा डाळ. आजी म्हणायची, "पोरीला सोवळा लागलाय." आणि वास? तो होता तिथेच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. लवंग चघळून जीभ भाजायची, तासाभरानं पुन्हा तेच. दोन स्थळं बोलणी होऊन परत गेली. कारण कुणी सांगितलं नाही, सगळ्यांना माहीत होतं.

खरं काय होतं ते माझ्या थुंकीत रोज सकाळी दिसत होतं. राखुंडीनं दात घासले की लाल पाणी. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "रगात येतय तिथं बोट लावू नको, बाय. दुखल." मी नाही लावलं. जिथे जास्त घासायला हवं होतं नेमकं तिथलं घासणं सोडलं, वर्षानुवर्षं. आईवर माझा राग नाही. तिला कोण सांगणार होतं? तुम्ही सांगू शकला असतात. एकदा, फक्त एकदा मला जवळ बोलावून "तोंड उघड बघू" म्हणाला असतात तर सुजलेल्या लालभडक हिरड्या आंधळ्यालाही दिसल्या असत्या. पण जवळ यायला नाकावरचा रुमाल काढावा लागला असता. तुम्हाला कारण नकोच होतं. कोळ्याची पोर म्हणजे बोंबील, उत्तर तयार होतं तुमचं.

ह्या दवाखान्यात मी सत्ताविसाव्या वर्षी आले, झाडू-पोछा करायला. तोंडावर हात धरून बोलते हे मॅडमनी तिसऱ्या दिवशी हेरलं आणि खुर्चीत बसवलं. "हा माशांचा वास नाही," त्या म्हणाल्या. "हिरड्यांचं दुखणं आहे. दातांच्या मुळाशी कीटण बसलंय, त्याच्या आत घाण कुजते, तिचा वास. किती वर्षं आहे?" मी म्हटलं, चौदा. खालचे चार दात हलत होते, ते काढावे लागले. बाकीच्यांची मुळं साफ केली, हिरड्यांना लावून ब्रश कसा फिरवायचा ते बोट धरून शिकवलं, रक्त आलं तरी थांबायचं नाही म्हणाल्या. दोन महिन्यांत वास गेला. चौदा वर्षांचं दुखणं, बाई, दोन महिन्यांत. त्या दिवशी घरी जाऊन आईला म्हटलं, सुके बोंबील भाज. आई चुलीपाशी बसून रडली. मी रडले नाही. तुमची आठवण काढत एकेक बोंबील चावून चावून खाल्ला.

आणि मग तुम्ही आलात. मॅडम त्या दिवशी पालघरला गेल्या होत्या, दवाखान्यात मी एकटी. वरच्या मजल्यावर चढून तुम्हाला धाप लागली होती आणि रुमाल होता तोंडावर, ह्या खेपेला स्वतःच्या. मी तुम्हाला बघितल्याबरोबर ओळखलं. तुम्ही ओळखलं नाहीत, मी "सिस्टर" होते. "डॉक्टर नाहीत? मग तुम्हीच बघा. सिस्टर, एक विचारू का? माझ्या तोंडाला वास येतो का हो? सून ताट ठेवते आणि आत निघून जाते. नात गोष्ट ऐकायला मांडीवर यायची, आता म्हणते, आजी, तिकडूनच सांग." मी बॅटरी मारून पाहिलं. हिरडी दाबली तर पू आला. दोन दाढा हलत होत्या. आणि वास येत होता, चांगला खोलीभर. मला सगळं कळत होतं. वहीत नाव लिहायचं, उद्या सकाळी या म्हणायचं, एवढंच काम. साखरेचं दुखणं आहे का विचारायला हवं होतं, मी तेही विचारलं नाही. मी म्हटलं, "वास? छे हो. वयाचं आहे. मासे बंद करा, सुके तर अजिबात नकोत." मग आत जाऊन चहाच्या डब्यातल्या लवंगा काढल्या, कागदात बांधल्या आणि तुमच्या हातावर ठेवल्या. "रोज दोन चघळत जा." काय बरं वाटलं मला ते शब्दांत सांगता येणार नाही. इतकी वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, त्याचं उट्टं एका पुडीत निघालं.

पुढे तुमच्या वाडीत मासळी द्यायला जाणारी आमची शेजारीण सांगायची, की बाईंनी मासे सोडले. एकट्याच ओटीवर बसतात, तोंडाला पदर लावून. नात अंगणात खेळते, जवळ जात नाही. मी ऐकायची आणि पुन्हा सांग म्हणायची. वर्षभरात तुम्ही गेलात. मी आले नाही. त्या संध्याकाळी आमच्याकडे बोंबलाचं कालवण होतं.

मुरब्याच्या त्या मुलीला आज मॅडमनी तपासलं. तेच दुखणं, पण वेळेत आली आहे, दात एकही जाणार नाही. मी तिच्या आईला म्हटलं, घरी गेल्या गेल्या म्हावरा द्या तिला, आणि त्या शाळेतल्या बाईंना माझ्याकडे पाठवा. त्या आल्या तर त्यांना काय सुनावायचं हे माझं पाठ आहे. तुम्हाला ते कधी सुनावता आलं नाही, म्हणून हे पत्र. हे कुठे टाकणार? जुन्या केसपेपरांच्या कपाटात जाईल, तिथे कुणी हात घालत नाही.

चार वाजत आले, खाली रिक्षातून पेशंट उतरतायत. एक राहिलं. तुम्ही मला ओळखलं नाहीत असं मी वर लिहिलंय, मॅडमनाही तसंच सांगितलं होतं. ते खरं नाही. पुडी हातात आली तेव्हा तुम्ही ती बराच वेळ बघत राहिलात, मग माझ्याकडे बघितलंत. रुमाल खाली केलात आणि म्हणालात, "दांडीची ना गं तू? ती कविता तूच चांगली म्हणत होतीस." म्हणजे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं. आणि आता लवंगा का मिळाल्या तेही तुम्हाला कळलं होतं. मी वाट बघत होते की तुम्ही रागवाल, पुडी फेकाल, दुसऱ्या डॉक्टरकडे जाईन म्हणाल. तुम्ही ती नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलीत आणि निघालात. समजून उमजून मासे सोडलेत, बाई, दुसरीकडे कुठे गेला नाहीत. माझ्या सुडाची एवढी चव तुम्ही घालवलीत, त्याचा राग वेगळाच आहे. जिना उतरायला तुम्हाला खूप वेळ लागला, गुडघे धरून एकेक पायरी. तेवढ्यात तीनदा हाक मारता आली असती. होडीपर्यंत पोचायचा माझा आवाज. मी वरच्या पायरीवर तोंडावर हात धरून उभी राहिले.