बाटलीतलं घोटभर गोडं पाणी

आई, तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली. गावची शाळा हिंदी होती; मराठी अक्षरं तू चुलीपुढच्या राखेत गिरवून घेतलीस, म्हणून हे मराठीतच लिहितोय. तू समुद्र कधी पाहिला नाहीस. मी पाहिला, तोही पृथ्वीच्या दक्षिण टोकाचा. सहा वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या आमच्या प्रयोगशाळेतून मला जहाजावर मदतीला नेलं होतं. तिथला बर्फ वितळून खाऱ्या समुद्रात गोडं पाणी किती मिसळतंय, ते मोजायचं होतं. खोलवरून पाणी वर यायचं आणि मी ते काचेच्या बाटल्यांत भरायचो. नियम एकच: बाटली आधी त्याच समुद्राच्या पाण्यानं तीनदा विसळायची, मग भरायची.

एकदा आदल्या संध्याकाळीच मी बाटल्या गोड्या पाण्यानं धुतल्या आणि प्रत्येकीत घोटभर पाणी राहू दिलं. तुझी शिकवण. मी कळशी पालथी घातली की तू ओरडायचीस, "अरे, रिकामं भांडं घरात ठेवतात का? घोटभर असू दे!" हाताला तेच वळण लागलंय. सकाळी डेकवर वारा असा, की बोटं माझी आहेत असं वाटेना. मी न विसळताच भरत गेलो.

ज्यांच्या हाताखाली मी होतो त्या आमच्या मॅडम, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आकडे बघून धावत आल्या. "भैया, देखिए तो! पानी कितना मीठा हो गया है!" त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. दुसऱ्या दिवशी बाटल्यांचे आकडे समुद्रात सोडलेल्या यंत्राच्या आकड्यांशी जुळेनात. सफरीच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना झापलं, त्या दिवसाच्या बाटल्या बाद केल्या. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मुझसे ही चूक हुई होगी, सर." मी शेजारी उभा होतो, हातात फडकं. पुढच्या बाटल्या पुसत राहिलो. जहाज पुढे गेलं होतं; त्या दिवसाचा समुद्र पुन्हा कुठून आणणार?

लहानपणी मी शेजारच्या काकूंचा माठ फोडला आणि देवापुढे नाक घासत बसलो, तेव्हा तू कान धरून उठवलंस. "देवाचा माठ फुटलाय का? जा, काकूंना सांग." आणि मी सहा वर्षं रोज पूजेला बसून देवालाच सांगतोय.

एकदा बायकोला सांगितलं. म्हटलं, आईची सवय नडली. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "वा! सासूबाई उलट बोलायला येत नाहीत म्हणून बरंय."

परवा मॅडमचा फोन आला. आता पुढच्या सफरीच्या प्रमुख त्याच आहेत. नव्या लोकांना बाटल्या भरायला मी शिकवावं म्हणतात. "आपसे ज़्यादा सफ़ाई से कौन भरता है, भैया?" मी "जी, मैडम" म्हणालो आणि जयेंद्रगंजच्या भर बाजारात फोन धरून उभाच राहिलो.

हा कागद देवघरात तुझ्या फोटोमागे ठेवीन. खरं तर तो तिथे नको, मॅडमकडे जायला हवा, हे मला कळतं. निदान तुझ्यावर घातलेला आळ तरी काढून घेतो. बाटलीतलं ते घोटभर पाणी तुझं होतं, आई. न विसळणं माझं. आणि काल फोनवर मॅडमचं नाव शोधून, न लावताच मी फोन पुन्हा खिशात ठेवला, तेही माझंच.