कुंपणापलीकडची इंग्रजी

रविवार, संध्याकाळ. किलकेनी, आयर्लंड.

शेजारचे म्हातारे मार्टिन त्यांच्या भावाशी इथली जुनी, गावरान इंग्रजी बोलायचे. निम्मी कळायची नाही, तरी कुंपणाशी उभं राहून ऐकायला आवडायचं. मी दिसले की मात्र लगेच शाळेतल्यासारखी स्वच्छ इंग्रजी. माझ्यासाठी! चांगुलपणाच तो. मीही पुण्याच्या मैत्रिणींसमोर माझी वऱ्हाडी गिळतेच की.

त्यांचा भाऊ गेल्यावर वाटलं, आता ही बोली कुणाशी बोलणार? आज कुंपणापलीकडून तीच ऐकू आली. मार्टिन आपल्या कुत्र्याशी बोलत होते. ‘थांबू नका, मलाही ऐकू द्या,’ एवढं का नाही म्हणाले मी इतक्या वर्षांत? आजही नाहीच. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं.

“ग्रँड इव्हिनिंग,” म्हणाले. एकेक शब्द सुटा, स्वच्छ.

कुत्रा त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला.