काच पातळ होती

बाबा, काल लेक फ्रान्सहून आली. तिच्या बॅगेतून निघालं ते असं: शॅम्पेनच्या दोन बाटल्या, स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या, ती काम करते त्या शॅम्पेनच्या तळघरातला खडूच्या दगडाचा एक तुकडा, आणि माझ्यासाठी लोकरीचे मोजे. किंमत विचारली तर म्हणाली, "एक मालकीणबाईंनी दिली, दुसरी माझ्या पगारातली. आकडा सांगितला तर तू महिनाभर भाजीत तेल घालणार नाहीस." तरी मी काढून घेतलाच. आमच्या गाझियाबादच्या घराचा महिन्याचा किराणा तेवढ्यात येतो.

पगारातली बाटली मी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं. "यार आई, लेबल खराब होईल." होऊ दे म्हटलं. तिच्या हाताखालून गेलेल्या बाटल्यांपैकी तळघरातून विकायला बाहेर पडलेली ही पहिली, आणि हातचं पहिलं ते देवापुढे, ही शिकवण तुमचीच. नैवेद्य दाखवलेला नाही, तेवढं मला कळतं.

लेकीने हौसेने मामाला फोटो पाठवला आणि करोल बागेतून दादाचा फोन आला. रविवारी तो भाचीला भेटायला जेवायला येणार होता. "देवघरात दारू? बाबा असते तर उंबऱ्यावरूनच परत फिरले असते. ती बाहेर काढ, नाहीतर मी येत नाही."

"बरं. चार पोळ्या कमी लाटते."

"हट्टी ती हट्टीच राहिलीस."

"बाबांवर गेले," म्हटलं आणि फोन ठेवला.

तो बोलत होता तेव्हा मला आपलं करोल बागेतलं स्वयंपाकघर दिसत होतं. माझी मॅट्रिकची परीक्षा झालेली आहे. रस्त्याकडेच्या झाडांची जांभळं वेचून आणून मी रस काढते, साखर घालते, आठ बाटल्यांत भरते, बुचं ठोकून वर मेण ओतते. साखरेचं माप वहीत लिहून ठेवते. चौथ्या दिवशी तुम्ही पाटावर जेवायला बसलेले असता आणि फळीवरची एक बाटली फुटते. तुमचं सोवळं जांभळं होतं. तुम्ही काचेचा वास घेता. "पोरीनं घरात भट्टी लावली," म्हणता आणि उरलेल्या सातही मोरीत ओतून टाकता. सायन्सला जायचा माझा फॉर्म तुमच्या सहीसाठी कोनाड्यात ठेवलेला असतो. तो दुसऱ्या दिवशी कोराच माझ्या हातात येतो. "झाले तेवढे प्रयोग पुरे." त्यानंतर वहीत मी घरखर्चच लिहीत आले.

हे मी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ती हसली नाही, आपल्या कामाचं सांगू लागली. ती काम करते ती कंपनी म्हणजे एक घरच आहे, एक म्हातारी मालकीणबाई, त्यांचा मुलगा, सून, सगळे राबतात. वाईन बाटलीत भरताना त्यात मुद्दाम साखर आणि यीस्ट घालतात, म्हणजे ती आत पुन्हा आंबते आणि बुडबुडे आतच कोंडतात. मग तळघरात बाटल्या कलत्या ठेवून रोज हाताने थोड्या थोड्या फिरवायच्या, सगळा गाळ मानेशी उतरेपर्यंत. लेक तेच करते.

"साखर किती घातली होतीस?" तिने विचारलं. मला माप अजून पाठ आहे. तिने डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला.

"आई, तुझं काही चुकलं नव्हतं गं. काच पातळ होती. आमच्या मालकीणबाईंच्या पणजोबांच्या वेळी तळघरात बाटल्या फुटायच्या, माणसं तोंडाला जाळी बांधून आत जायची."

त्यांनी जाड बाटल्या मागवल्या, बाबा. तुम्ही फॉर्म परत दिलात.

म्हणून ती बाटली देवघरातून हलणार नाही. दादा आला तर तिच्यासमोर हात जोडेल, नाही आला तर पुरण आम्ही दोघी खाऊ. देवाला चालतंय. सकाळी फुलं वाहिली तेव्हा त्याने काही तोंड फिरवलं नाही.

एक मात्र कबूल करते. सातवी बाटली ओतून झाल्यावर तुम्ही बोटाला लागलेलं चाटलंत, आणि थोडा वेळ तसेच मोरीपाशी उभे राहिलात. मी दाराआड होते. त्या रसाचा एक थेंबही मी घेतला नव्हता, पहिली वाटी तुम्हाला द्यायची म्हणून थांबले होते. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते बाटलीखाली राहील. तरी कसं लागलं होतं, ते उलट टपाली कळवा.