मांडीतली नळी

प्रिय दादा,

आबांच्या पायाच्या जखमेतला संसर्ग रक्तात पसरला आणि किडन्या बंद पडल्या. डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी गुठळीनं तुंबायची, मशीन सारखं थांबायचं. शेवटी डॉक्टरांनी मांडीत दुसरी नळी घातली आणि बजावलं, "पाय वाकवायचा नाही." जन्मभर शिलाई मशीनवर पाय चालवलेला माणूस मुकाट पडून राहिला.

आज इतक्या दिवसांनी त्यांना लघवी झाली. नर्सनं भांडं दाखवलं, तेव्हा आई भर वॉर्डात हसली. किडन्या सावरतायत, आता नळीही निघेल म्हणे.

आबा म्हणाले, "दादाला कळवू नकोस. नोकरी सोडून धावत येईल."

मी बरं म्हटलं. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "आला तर किती दिवस राहील गं?"

पत्राचं पाकीट हातात धरून बसलेली,
तुझी चिमणी