कळ्या खुडायच्या होत्या

ता. ९, रविवार, दुपार

भाऊजी,

नमस्कार. मी इकडे मजेत आहे, तुम्हीही सगळे मजेत असाल, असं दरवेळी लिहितो. पण ताईचं पत्र काल हातात पडलं, म्हणून या खेपेला ते वाक्य गाळलं आहे असं समजा.

हे पत्र तुमच्या एकट्यासाठी आहे. आप्पांचे डोळे अधू झाल्यापासून माझी पत्रं तुम्हीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवता. हे वाचू नका. विचारलं तर सांगा, आलंच नाही.

इकडे काम तेच. चार मोठी काचघरं, आत गोडपानाची रोपं, ओळीच्या ओळी. साहेब त्याला स्टीव्हिया म्हणतात. पानं वाळतात, त्यांची पूड होते आणि साखरेऐवजी खायला कुठल्या कुठे जाते. आत इतकं उकडतं की सदरा पिळून काढावा लागतो. आम्ही सकाळी सातपासून ओळीने वाकून चालतो आणि रोपांचं जे काय करायचं ते करतो. माझ्या शेजारच्या खाटेवर एक गडी आहे, घोरतो म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणतात. त्याला मी विचारलं, एवढं गोड पान, मग मुंग्या कशा नाहीत? तर म्हणाला, "मुंगी फसत नाही रे, फसतो तो माणूसच." असा आमचा विनोद. जेवण बरं असतं. अंगठ्याची नखं हिरवी झालीत, रंग साबणाने जात नाही.

एवढी खबर पुरे. आता मुद्द्यावर येतो, नाहीतर पुन्हा पान भरेल आणि मी सही करून मोकळा होईन.

भाऊजी, मी तुमच्यावर जळतो. आजचं नाही. ताईशी लग्न केलंत, तुमच्या खोलीचं छप्पर गळत होतं म्हणून चार महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आलात, त्याला आता चार वर्षं झाली. ते छप्पर अजून गळतंय का हो? खिडकीजवळची खुर्ची माझी होती. तिचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा मी घातला होता. आता त्यावर तुम्ही बसता. औषधाच्या दुकानात कामाला, चार बुकं शिकलेले, डबीवरचं बारीक अक्षर झरझर वाचणारे. आणि मी सहावीत शाळेला रामराम ठोकलेला. आप्पा कुणाचं ऐकणार?

मागच्या सुट्टीत मी खजुराचा डबा आणला होता. आप्पांना मधुमेह असला तरी गोड लागतं, आणि झाडाचं आहे, कारखान्यातलं नाही, म्हणून चालेल असं मला वाटलं. तुम्ही डबा उलटसुलट केलात आणि हळूच म्हणालात, "झाडाची असली तरी साखरच ती. एखाददुसरा ठीक आहे." बरोबरच बोललात. तेच तर मला सोसत नाही. तुम्ही एकदा तरी चुकायला हवं होतं.

पण त्या डब्याखाली पिशवीत आणखी काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. गोडपानाच्या पाच फांद्या होत्या. मुकादमबाईंना विचारून घेतलेल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. दोन दिवसांच्या प्रवासात दर स्टेशनावर उतरून फडकं भिजवत होतो. मनात ठरवलं होतं, कुंडीत लावायच्या आणि आप्पांना म्हणायचं, आता साखरेवाचून गोड चहा प्या, पोराने आणलाय.

दार उघडलं तर खिडकीत कुंडी. त्यात गोडपान, चांगलं वीतभर वाढलेलं. आप्पांच्या हातात चहाचा पेला. मला बस म्हणायच्या आधी ते म्हणाले, "हे बघ, जावयाने काय शोधून काढलंय! चव घे!" मी घेतली. म्हणालो, छान. मग हात धुवायला मोरीत गेलो आणि पाचही फांद्या मागच्या नाल्यात टाकल्या.

तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं.

दोन महिन्यांपूर्वी तुमचं पत्र आलं. मी ते जपून ठेवलंय. "झाडाला बारीक कळ्या धरल्या आहेत. खुडाव्यात असं वाचनात आलं. पण तू रोज त्याच कामात असतोस, तुला जास्त कळतं, तू काय ते सांग." माझ्याइतका आनंद त्या दिवशी कुणाला झाला नसेल. तुम्ही मला विचारलंत! आणि मी काय लिहिलं? खुडू नका. फुलू द्या. फूल आलं की पान आणखी गोड होतं.

भाऊजी, ते खोटं होतं. आम्ही इथं दिवसभर दुसरं काही करतच नाही, कळ्याच खुडतो. वर "जे काय करायचं ते करतो" लिहिलं ना, ते हेच. झाड फुललं की पानातली गोडी जाते, कडवट गवत उरतं. मुकादमबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कळी दिसली की खूड. फुलाचं कौतुक करायचं तर घरी जाऊन कर." मी घरीच केलं.

मला वाटलं, चहा कडू होईल, आप्पा तोंड वाकडं करतील, जावयाचं झाड एकदाचं बाहेर जाईल. बस, एवढंच. आप्पांच्या पायाचं माझ्या डोक्यात आलं नाही, शप्पथ.

ताईने लिहिलंय ते मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय. तुम्ही कळ्या खुडायला हात घातला होता, पुस्तकात स्पष्ट आहे म्हणालात, तेव्हा आप्पांनी तुमचा हात धरला. "राहू द्या जावईबापू. तुमचं पुस्तक आहे, त्याचे हात आहेत. मी हातांचं ऐकणार. तो त्या कामातला माणूस आहे."

माणूस म्हणाले. मला आजवर कार्टं सोडून काही म्हणाले नव्हते.

आणि मग चहा कडू झाला, तरी पोराच्या शब्दाखातर आठ दिवस तोच प्यायले, आणि नंतर कुणाला न सांगता साखरेच्या डब्यात हात घालू लागले. रक्तातली साखर वाढली, पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टर म्हणतात पंधरा दिवस बघू, नाहीतर अंगठा काढावा लागेल.

आता ऐका. कात्री घ्या आणि जमिनीपासून चार बोटं ठेवून सगळं झाड छाटा. हळहळू नका, महिन्याभरात नवी फूट येईल. पुढे कळी दिसली की त्याच दिवशी खुडा. साखरेचा डबा घरातूनच हलवा. सोबत वाळल्या पानांची पुडी आहे, दोन चिमटी एका पेल्याला. मुकादमबाईंकडून मागून घेतली. त्या म्हणाल्या, "तुझ्या घरी झाड आहे ना?" म्हटलं, फुललं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू असताना?"

पत्र वाचू नका असं वर लिहिलंय, ते खोडणार होतो. खोडत नाही, तेही त्यांना कळू दे. भाऊजी, हे पत्र आप्पांना वाचून दाखवा. खुर्ची जवळ ओढून बसा, आणि मधलं काही गाळू नका. तुम्ही भले आहात, गाळाल. ते काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहून पाठवा. पुन्हा कार्टं म्हणाले तर कार्टं लिहा. काहीच बोलले नाहीत, तर तेही लिहा.

खुर्चीखालचा पुठ्ठा बदला, झिजला असेल.

ज्याच्या हातांचं आप्पांनी एकदा ऐकलं,
तो तुमचा मेहुणा