टोपलीच्या तळातली कथा

नागपूर, मंगळवार संध्याकाळ, १९७४

डोकं अजून तापलेलंच आहे. मुंबईच्या स्टुडिओत लाइट धरणारा मी, दिग्दर्शकांसोबत इथं आलो. पैसा लावणाऱ्या संत्र्याच्या शेठले दोन कथा ऐकवायच्या होत्या. पिक्चर एकच निघणार. तमाशाची कथा त्यानं पूर्ण ऐकली. दुसरीत एक म्हातारी इथल्याच धंतोलीतल्या दवाखान्याबाहेर, तीन विटांच्या चुलीवर, आजारी नवऱ्यासाठी खिचडी शिजवते. त्या कथेचं पहिलंच पान ऐकून शेठ म्हणाला, "रडकं आहे. बाजूला ठेवा." दिग्दर्शक कागद गोळा करू लागले. मग मीच काहून बोललो?

"शेठ, मंडीत तुम्ही टोपलीच्या तळात हात घालून फळ पाहता. इथं वरचंच पाहून राहिले?"

"तू लाइटवाला ना गा?"

"हो. पण माझी मायही तिथं अशीच बसली होती. विटा मीच आणून दिल्या."

शेठ म्हणाला, "मंग उद्या तूच वाच. पूर्ण."

दिग्दर्शक म्हणतात, कथाही जाईल अन् तुझी नोकरीही. नोकरी जाऊ दे. चौथी शिकलो, जोडाक्षरं अडतात. अडोत. शेठ कंटाळून उठलाच, तर वाचत वाचत त्याच्या मागं मंडीपर्यंत जाईन.